निऑनचें नांव आणि अनुस्वाराचा दिवा

निऑनच्या कांचनळीची जागा एलईडीच्या लवचिक पट्टीनें घेतली, ह्यांत शोक करण्यासारखें कांहीं नाहीं, असें म्हणणारा एक पक्ष सध्यां फार बोलका झाला आहे. पट्टी स्वस्त, पट्टी निर्धोक, पट्टी वाटेल तशी वळते. मग जुन्या नळीचें कौतुक हें रिकामटेकड्या रसिकांचें खूळ होय, असा त्याचा निकाल आहे. ह्यांतील अर्धा भाग आम्हांस मान्य आहे. उरलेला अज्ञानावर उभा आहे, आणि तो आमच्या देवळीच्या बाजारांतही रोज रात्रीं डोळ्यांवर आदळतो, म्हणून त्याचा समाचार घेणें प्राप्त आहे.

प्रथम नांवाविषयीं. ह्या पट्टीस बाजारांत ‘निऑन’ म्हणूनच विकतात. निऑन हा वायु आहे. रॅम्से व ट्रॅव्हर्स ह्यांनीं तो १८९८ सालीं लंडन येथें शोधून काढला. (हाच रॅम्से १९०० सालीं जमशेटजी टाटांच्या योजनेच्या निमित्तानें हिंदुस्थानांत आला, आणि विज्ञानसंस्थेसाठीं त्यानेंच बंगलोर सुचविलें.) १९१० सालीं जॉर्ज क्लोद ह्यानें पॅरिस येथें निऑनची नळी लोकांस दाखविली. नळींतील हवा काढून तींत थोडा वायु भरावयाचा आणि टोकांच्या ध्रुवांस हजारों व्होल्टचा दाब द्यावयाचा, कीं तो वायूच तांबडा-नारिंगी प्रकाशतो. पट्टींत निऑन असलाच तर आपल्या श्वासांतल्या हवेंत असतो तेवढाच! तींत बारीक दिव्यांची रांग असते, आणि वरचें सिलिकोनचें आवरण त्यांचा प्रकाश पसरून सलग रेघेचा आभास उत्पन्न करतें. आभासास आमची हरकत नाहीं; रंगभूमि त्यावरच चालते. परंतु वनस्पति तूप साजूक म्हणून विकणाऱ्यास आपण जो शब्द लावतों, तो येथें कां लावूं नये?

दुसरा आक्षेप विषाचा. नळींत पारा असतो, म्हणून ती घातक, असें सांगतात. शुद्ध निऑनच्या तांबड्या नळींत पारा नसतो. तो निळ्या व इतर कांहीं रंगांसाठीं आर्गॉनबरोबर घालतात. विजेच्या दाबाची भीति मात्र खरी आहे. पट्टीस बारा किंवा चोवीस व्होल्ट पुरतात आणि तिला वीजही कमी लागते, हें कोण नाकारील? देवळीच्या दुकानदारानें कांचनळीच घ्यावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. ती वर्ध्याहून येथवर शाबूत पोहोंचेल, ह्याची हमी आम्हांस देतां येत नाहीं.

पण ‘पट्टी वाटेल तशी वळते’ हें निव्वळ खोटें आहे, आणि आमचा खरा वाद येथें आहे. नळीचा कारागीर कांच ज्योतीवर मऊ करतो, ती चेपूं नये म्हणून रबरी नळीनें तींत फुंकर घालतो, आणि कांच पुन्हां कडक होण्यापूर्वीं, थोड्या क्षणांत, वळण साधतो. शिरोरेषा कोठें सोडावयाची, वेलांटी कोठून आणावयाची, हें त्यास आधींच ठरवावें लागतें. जो भाग दिसूं द्यावयाचा नाहीं तो तो काळा रंगवितो. पट्टी एकाच अंगानें वळते, तीही मर्यादेपर्यंत; आणि बारा व्होल्टची पट्टी बहुधा तीन-तीन दिव्यांच्या गटांतच कापतां येते. अनुस्वाराचा ठिपका त्या गटाहून लहान! तेव्हां कारागीर एक तर त्यास वगळतो, नाहीं तर त्याची आडवी रेघ करतो. ‘मंगल’चें ‘मगल’ होतें आणि त्याखालून वराती सुखानें आंत जातात. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनीं काढले, त्याचें दुःख आम्ही आमच्यापुरतें जुन्या रीतीनें लिहून भागवितों. उच्चारित अनुस्वार आतां ही पट्टी काढीत आहे.

राज्यांत २०२२ च्या दुरुस्तीनें लहानमोठ्या सर्व दुकानांस मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपींहून लहान नसावें, एवढें कायदा पाहतो. तें अक्षर धड आहे कीं नाहीं, हें पाहणारा कोणी नाहीं.

यंत्रासाठीं अक्षर बदलण्याची कल्पना वर्ध्यास नवी नव्हे. १९३६ सालीं तेथें स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनें व काकासाहेब कालेलकरांनीं ‘इ’, ‘उ’ ह्यांच्या जागीं ‘अि’, ‘अु’ लिहिण्याचा पुरस्कार केला; छपाई व टंकलेखन सुलभ व्हावें, हा हेतु. ती सुधारणा आम्हांस रुचत नाहीं. पण तिचे पुरस्कर्ते कारणें सांगत होते, विरोधकांस उत्तरें देत होते. पट्टी विकणारा कोणास विचारतो?

वास्तविक उपाय अगदीं क्षुल्लक आहे. एक सुटा दिवा वेगळ्या तारेनें जोडला कीं अनुस्वार उमटतो. खर्च पाटीच्या किंमतींत दिसणारही नाहीं. मात्र तो मागावा लागतो. आणि पाटीचे पैसे चुकते करण्यापूर्वीं ती एकदां मोठ्यानें वाचून पाहावी लागते.