छिन्नीच्या आधी काटा

सुरतेतल्या डिंडोलीच्या रो-हाउसांच्या ओळीत एका घराच्या न्हाणीघरातली गळती पुष्कळदा उमटते ती शेजारच्या घराच्या हॉलमध्ये. भिंतीला भिंत लागलेली, मग पाण्याला कोणाची हद्द कुठे संपते ते काय कळणार. पोपडे सुटले की वाद सुरू होतो. गुजराती शेजारी म्हणतो भेज तुमच्याकडून येते, शिरपूर-अमळनेरकडून येऊन इथे स्थिरावलेला घरमालक म्हणतो पावसाची ओल आहे, वाळेल. शेवटी प्लंबर येतो, भिंतीवर तळहात फिरवतो, बोटाच्या पेराने दोन-चार टाइल्स वाजवतो आणि 'इथेच असणार' म्हणत छिन्नी लावतो. तिथे पाइप कोरडा निघतो. मग दीड फूट अलीकडे, मग नळाखाली. दुपारपर्यंत सहा टाइल्स गेलेल्या असतात आणि त्या डिझाइनचा माल दुकानात मिळेनासा होऊन चार वर्षे झालेली असतात. हा सगळा अंदाजाचा खेळ आहे, आणि त्याची गरज नाही. भिंतीतला नळ दाबाच्या चाचणीशिवाय टाइलखाली झाकू नये आणि त्या चाचणीशिवाय कोणाला भिंत फोडूही देऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

चाचणी म्हणजे फार मोठे यंत्र नाही. पाण्याने भरलेला एक छोटा डबा, त्यावर दांड्याचा हातपंप, एक रबरी नळी आणि दाब दाखवणारे घड्याळ. न्हाणीघरातले नळ आणि अँगल कॉक काढून त्या तोंडांना प्लग बसवायचे. गिझर काढून त्याची थंड आणि गरम टोके एका नळीने जोडली की दोन्ही लाइनी एकदम तपासता येतात. टाकीकडून येणारी लाइन बंद करायची, आत पाणी भरून वरच्या तोंडातून हवा पूर्ण जाऊ द्यायची, मग दांडा हळूहळू मारायचा. काटा वर चढतो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून बंद लाइनीतून चमचा-दोन चमचे जरी निसटले तरी काटा खाली येतो. भिंतीत हात घालून जे कळत नाही ते इथे डोळ्यांना दिसते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांच्या मानकात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: दर चौरस सेंटिमीटरला 6 किलो, म्हणजे 60 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब द्यायचा, पंप थांबवायचा, आणि तो दाब किमान अर्धा तास जराही न घटता टिकला पाहिजे. खाजगी बिल्डरला हे मानक बंधनकारक नसेल, पण ते वाचायला त्याला कोणी मनाई केलेली नाही.

'घरात एवढा दाब असतोच कुठे?' हा पहिला आक्षेप, आणि वरवर तो बिनतोड वाटतो. महापालिकेचे पाणी ठराविक वेळेला येते, जमिनीखालच्या टाकीत उतरते, मोटरने गच्चीवर चढते आणि तिथून आपल्या वजनाने नळाला येते. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 किलो दाब, या हिशेबाने रो-हाउसच्या तळमजल्यावरच्या नळाला पाऊण-एक किलो आणि वरच्या मजल्यावर पाव-अर्धा किलोच मिळतो. पण नेमके इथेच पाणी मुरते. एवढ्या कमी दाबात कच्चा जोड फुटत नाही, तो नुसता पाझरतो. सोल्युशन नीट न लागलेला एल्बो, जास्त आवळल्यामुळे केसाएवढी चीर गेलेला पितळी आट्यांचा तुकडा, किंवा आरसा बसवताना ड्रिल चाटून गेलेला पाइप वर्षानुवर्षे भिंतीला थेंब-थेंब पाजत राहतो, तक्रार करत नाही. पुढे एखाद्या दिवशी शॉवरला धार हवी म्हणून घरात प्रेशर पंप बसतो, आणि आजवर कसाबसा तग धरलेला जोड एका आठवड्यात सुटतो. दोष पंपाला दिला जातो. चाचणीचा दाब रोजच्या दाबापेक्षा पुष्कळ जास्त ठेवायचा तो यासाठीच, की जे पाच वर्षांनी होणार आहे ते गवंड्याची घमेली अजून घरात असतानाच व्हावे.

डिंडोलीच्या माणसाला हे तत्त्व नवे नाही, हीच यातली गंमत आहे. इथून रोज सकाळी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये जाणारा कामगार ज्या बॉयलरच्या वाफेवर काम करतो, त्या बॉयलरला पाण्याच्या दाबाची चाचणी चुकलेली नाही; 1923 च्या बॉयलर कायद्यापासून तपासणी आणि दाखल्याची ही शिस्त चालत आली आहे. घरातल्या गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला आतून पट्ट्या असतात, त्यातल्या एकीवर 'बी-27' असे काहीतरी रंगवलेले असते. पुढची चाचणी कोणत्या साली आणि कोणत्या तिमाहीत व्हायची, ते त्यावरून कळते. मिलमध्ये चाचणी, स्वयंपाकघरात चाचणी, आणि हप्ते फेडून घेतलेल्या घराच्या भिंतीत जे दडवले त्याला मात्र प्लंबरचा शब्द पुरेसा.

जास्त वजनाचा आक्षेप जाणकारांकडून येतो. ते म्हणतात, आपल्याकडची बहुतेक ओल दाबाच्या पाइपातून येतच नाही. ती येते न्हाणी ट्रॅपच्या कडेने, टाइल्समधल्या उघड्या सांध्यांतून, संडासाच्या भांड्याच्या जोडातून, गच्चीच्या फुटक्या कोब्यातून. तिथे हा पंप काय करणार? म्हणणे खरे आहे, आणि माझ्या मते चाचणीची खरी किंमत इथेच कळते. काटा अर्धा तास हलला नाही, तर भिंतीतला पाइप निर्दोष ठरला. मग न्हाणी ट्रॅपला बोळा मारून जमिनीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभे करा आणि खालच्या छताकडे, पलीकडच्या भिंतीकडे बघा. तिथे डाग गडद झाला तर दोष जमिनीचा किंवा सांडपाण्याच्या वाटेचा. दाबाची चाचणी गळती कुठे आहे ते बोट ठेवून सांगत नाही, आणि तसे सांगणाऱ्या प्लंबरपासून जरा सावधच राहावे. ती काय नाही ते सांगते. गरम लाइन वेगळी, थंड लाइन वेगळी, वरचे न्हाणीघर वेगळे, असे एकेक तुकडा बाजूला काढत गेले की फोडायची जागा हॉलभर न राहता हातभर उरते. कधी कधी काहीच फोडावे लागत नाही, नुसते सांधे खरवडून पुन्हा भरले की भागते.

जुना पाइप या दाबाने फुटेल, ही भीती रास्त आहे. गंजलेल्या जुन्या लोखंडी (जीआय) लाइनीला कोणी एकदम 6 किलो देऊ नये. तिथे रोजच्या दाबाच्या दीडपटीने सुरुवात करावी, कारण हेतू गळती शोधण्याचा आहे, पाइप मारण्याचा नाही. नव्या सीपीव्हीसी प्लॅस्टिक पाइपाबद्दल मात्र ही काळजी फोल आहे. एसडीआर 11 जातीचा पाइप साध्या तापमानाला 28 किलोच्या आसपास आणि 82 अंशांच्या पाण्याला सुमारे 7 किलो दाब सोसण्यासाठीच बनवलेला असतो. 6 किलोला जे सुटते तो पाइप नसून जोड असतो, आणि तो सुटलेलाच बरा. धोका दुसरीकडे आहे. पाणी भरायचा कंटाळा करून काही जण कॉम्प्रेसरची हवा सोडतात. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी दबून बसते. प्लॅस्टिकचा पाइप तिने तडकला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. हवेची चाचणी घरात कोणालाही करू देऊ नये. काटाही कधी खोटे बोलतो. लाइनीत हवा अडकली असेल तर तो डळमळतो, गच्चीवरचा पाइप उन्हाने तापला तर आपोआप चढतो, आणि जुना स्टॉपकॉक आतून पाणी सोडत असेल तर भिंत धडधाकट असूनही उतरतो. म्हणून चाचणी करावी ती सकाळी, ऊन चढायच्या आत, आणि कॉकवर न विसंबता प्लग मारून.

पाणी वाचवण्याचा मुद्दा मी मुद्दाम पुढे केलेला नाही. 'जल संचय जन भागीदारी' ही मोहीम 6 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली ती सुरतेतूनच. मूळचे जळगाव जिल्ह्यातले सी. आर. पाटील जून 2024 पासून केंद्राचे जलशक्ती खाते सांभाळतात आणि इकडचा लिंबायत-उधन्याचा भाग त्यांच्याच नवसारी मतदारसंघात येतो, तेव्हा पाणी वाचवण्याचे बोलणे इथे कानावर पडतेच. हिशेबही मोठा निघू शकतो. 10 मीटर उंच टाकीखाली 1 मिलिमीटरचे मोकळे भोक दिवसाला साडेपाचशे लिटर सोडते, म्हणजे माणशी 135 लिटरच्या मापाने चार माणसांचे पाणी. पण भिंत ओली करणारी गळती सहसा एवढी नसते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला जेमतेम चार लिटर. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजेच नऊ-दहा लिटर, तेव्हा रात्री पातळीची खूण करून सकाळी पाहिली तरी ती दिसायची नाही. नुकसान पाण्याचे थोडे आणि घराचे जास्त आहे. त्या चार लिटरांनी विटेतला लोणा वर येतो, सळई गंजून फुगते, छताचा गिलावा सुटतो आणि त्याच भिंतीतून विजेची वायरही गेलेली असते.

खर्च कोणी करायचा? नव्या घरात बिल्डरने. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत दाखवून दिलेला कारागिरीतला दोष विकासकाने 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. पण दोष दाखवून द्यायचा कसा? 'ओल आहे' या तक्रारीला 'तुम्ही पाणी जास्त सांडता' हे उत्तर तयार असते. तारीख, सुरुवातीचा दाब, अर्ध्या तासानंतरचा दाब आणि दोन सह्या असलेला कागद, सोबत टाइल लावण्याआधीच्या पाइपांचे फोटो, यांना ते उत्तर पुरत नाही. ताबा घेताना चावीबरोबर हा कागद मागावा. एका हातातून दुसऱ्या हातात विकली गेलेल्या जुन्या घरांना किंवा रेराच्या नोंदणीबाहेरच्या छोट्या बांधकामांना हे छत्र नाही, आणि अशी घरे थोडी नाहीत. तिथे सोसायटीने वर्गणीतून एक हातपंप आणि चांगले घड्याळ घेऊन ठेवावे. गणपतीच्या मंडपाचे सामान ज्या खोलीत राहते तिथे ते सहज मावेल. ते वापरायला सोयीची वेळ दसऱ्याच्या आसपासची, पाऊस थांबून भिंती वाळायला लागलेल्या असतात तेव्हाची. सगळी भिंत वाळली आणि एकच पट्टा ओला राहिला, तर रंगाऱ्याला दिवाळीची तारीख देण्याआधी त्या पट्ट्यामागच्या लाइनीला प्लग मारून घ्यावा.