रक्ताची साक्ष कोणाच्या ताब्यात?

डिसेंबर १९८४ च्या पहिल्या आठवड्यात भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात शवविच्छेदन करणारे डॉ. हीरेश चंद्र यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. मृतांचे रक्त आणि आतील अवयव यांचा रंग गडद लाल, पिकलेल्या चेरीसारखा होता. सायनाइडच्या विषबाधेत असा रंग दिसतो, हे न्यायवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. दुसरीकडे, युनियन कार्बाइड कंपनी मात्र आग्रहाने सांगत होती की, मिथाइल आयसोसायनेट हा वायू डोळे आणि फुफ्फुसे यांचा दाह करतो. रक्तात शिरून संपूर्ण शरीरास विषबाधा करणारे त्यात काही नाही. एकाच विषासंबंधीच्या या दोन विधानांपैकी कोणते खरे, यावर हजारो माणसांचे उपचार आणि पुढे त्यांची नुकसानभरपाई अवलंबून होती. हा वाद सोडविण्याचे साधन विज्ञानाजवळ त्या वेळीही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

रसायन शरीरात शिरले की ते स्वतः तरी सापडते, त्याचे रूपांतर झालेला पदार्थ तरी सापडतो, किंवा शरीरातील एखाद्या घटकावर त्याने केलेला बदल तरी सापडतो. रक्त, लघवी, केस, दात यांत मोजता येणाऱ्या या खुणेला आज बायोमार्कर, म्हणजे जैवनिदर्शक, म्हणतात. धुराड्यातून किती विष बाहेर पडले याचा हिशेब कारखानदाराच्या वहीत असतो. त्यातले किती विष माणसात उतरले, याचा हिशेब माणसाच्या शरीरात असतो. मालकवर्गाला पहिला हिशेब सोयीचा वाटतो, याचे कारण वेगळे सांगण्याची गरज नाही.

सायनाइडच्या बाबतीत ही खूण थायोसायनेट या पदार्थाची असते. शरीरातील एक विकर सायनाइडला गंधकाची जोड देऊन त्याचे थायोसायनेटमध्ये रूपांतर करते आणि ते लघवीवाटे बाहेर टाकले जाते. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन शरीराला हेच गंधक पुरविते. तेव्हा इंजेक्शननंतर लघवीतील थायोसायनेट वाढले आणि रुग्णालाही आराम पडला, तर एकाच कृतीत उपचारही होतो आणि पुरावाही मिळतो. ही खूण निर्दोष नाही हेही सांगितले पाहिजे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात थायोसायनेट मुळातच अधिक असते आणि कोबीसारख्या काही भाज्यांनीही ते वाढते. म्हणूनच वायू न लागलेल्या माणसांशी तुलना आणि औषधाऐवजी निरुपद्रवी द्रव दिलेल्या रुग्णांशी तुलना, अशी काटेकोर पद्धत आवश्यक ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ च्या आरंभी नेमकी अशीच चाचणी घेतली. कोणत्या रुग्णाला औषध मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. निष्कर्ष थायोसल्फेटच्या बाजूने लागला आणि फेब्रुवारीत परिषदेने त्याच्या वापराची शिफारस केली.

पण शिफारस कागदावर राहिली. कंपनीच्या अमेरिकेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आरंभीच्या संदेशात, सायनाइडचा संशय असल्यास थायोसल्फेट द्यावे असे स्वतःच कळविले होते. पुढे कंपनीने ते मत फिरविले. राज्य सरकारच्या आरोग्य यंत्रणेने या औषधाच्या सार्वत्रिक वापरात अडथळेच आणले. मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कलच्या डॉक्टरांनी, ज्यांत महाराष्ट्रातील तरुण डॉक्टरही होते, कारखान्यासमोरची जे. पी. नगर ही वस्ती आणि दूरची अण्णा नगर ही वस्ती यांची तुलना केली, तेव्हा जे. पी. नगरातील माणसांच्या तक्रारी केवळ फुफ्फुसांपुरत्या नाहीत हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी जूनमध्ये कार्यकर्त्यांनी व डॉक्टरांनी जनस्वास्थ्य केंद्र काढून थायोसल्फेट देण्यास सुरुवात केली. २४ जूनच्या रात्री पोलिसांनी धाड घालून कार्यकर्त्यांना व डॉक्टरांना अटक केली आणि केंद्रातील नोंदी जप्त केल्या. लघवीच्या तपासण्यांच्या नोंदवह्यांची सरकारला एवढी धास्ती का वाटावी?

कारण उघड आहे. थायोसायनेटचा वाढलेला आकडा हा केवळ रोगनिदानाचा आकडा नव्हता. विष रक्तात पोहोचले हे एकदा मान्य केले की यकृत, मूत्रपिंड, मज्जासंस्था, गर्भ यांचे विकारही दायित्वाच्या कक्षेत येतात. वायूचा परिणाम डोळे आणि फुफ्फुसे यांपुरताच ठरला, तर दायित्वही तेवढेच ठरते. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. नंतरच्या वैद्यकीय वर्गीकरणात बहुसंख्य दावेदारांची बोळवण ‘इजा नाही’ किंवा ‘तात्पुरती इजा’ या सदरांत झाली, आणि अनेकांच्या हाती २५ हजार रुपये पडले. आपल्या शरीरातील विषाचा कागद दाखविता न येणाऱ्या माणसाला कागद मागणे, ही नोकरशाहीची जुनी रीत येथेही चालली.

आणखी एक खूण होती. मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून त्वरेने नाहीसे होते, त्यामुळे ते जसेच्या तसे रक्तात सापडण्याची आशा नसते. परंतु हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाशी असलेल्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला ते चिकटते. डॉ. एस. श्रीरामाचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भोपाळच्या नमुन्यांत हा बदल शोधून काढला. वायू फुफ्फुसांची भिंत ओलांडून रक्तात गेला होता याची ती थेट साक्ष होती. तांबड्या पेशीचे आयुष्य मात्र सुमारे १२० दिवसांचे. म्हणजे डिसेंबरमध्ये उमटलेली ही खूण एप्रिलच्या आसपास पुसली जाणार होती. विलंब करणारा अधिकारी मनाने दुष्ट असो वा नसो, त्याच्या प्रत्येक दिवसाच्या दिरंगाईबरोबर पुरावा विरघळत होता.

या शास्त्राचा दुसरा वाद ‘सामान्य’ या शब्दाविषयी आहे, आणि तो शिशाच्या इतिहासात लख्ख दिसतो. अमेरिकेतील रॉबर्ट कीहो यांची प्रयोगशाळा शिसेयुक्त पेट्रोलच्या उद्योगाच्या पैशावर चालत असे. कारखान्यांपासून दूरच्या मेक्सिकन खेड्यांतील माणसांतही शिसे सापडते, असे दाखवून त्यांनी शरीरातील शिसे नैसर्गिक ठरविले. त्या खेड्यांत जेवण शिशाचे झिलई असलेल्या भांड्यांत होत असे, ही बाब त्यांच्या सिद्धान्ताला अडचणीची होती. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ८० मायक्रोग्रॅम या मर्यादेखाली धोका नाही, असे मत दशकानुदशके चालले. १९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दाखविले की, सर्वांच्या शरीरात जे आढळते त्याला नैसर्गिक म्हणता येत नाही. सारेच विषाने भारलेले असू शकतात. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून बुद्धीवरील परिणाम पुढे आणला. पेट्रोलमधील शिसे कमी होऊ लागताच १९७६ ते १९८० या काळात अमेरिकी जनतेच्या रक्तातील सरासरी शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. रक्तातील शिशाचे मूळ कोठे होते, हे त्या उताराने सांगितले. आज तेथे मुलांसाठीचा संदर्भ आकडा ३.५ आहे.

आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. बॅटऱ्या वितळविण्याच्या भट्ट्या बंद झाल्या नाहीत. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे. हा आकडा अंदाजांवर उभा आहे, देशव्यापी नियमित रक्तमापनावर नव्हे, आणि हीच तक्रारीची मोठी बाब आहे.

येथे कामगार चळवळीने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. रक्ताची तपासणी आपोआप कामगाराच्या हिताची होत नाही. १९७८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील अमेरिकन सायनामिड कंपनीच्या कारखान्यात शिशाच्या रंगविभागातील नोकरी टिकविण्यासाठी पाच स्त्रियांनी नसबंदी करून घेतली. गर्भधारणाक्षम स्त्रियांना तेथे ठेवायचे नाही, असे धोरण कंपनीने जाहीर केले होते. हवा शुद्ध करण्यापेक्षा माणूस बदलणे स्वस्त पडते. भट्टीवरच्या कंत्राटी कामगाराचा आकडा चढला की त्याला कामावरून कमी करायचे आणि नवा माणूस आणायचा, यात मालकाचे काय जाते? रक्तातील शिसे महिन्याभरात अर्धे होऊ शकते. हाडांतले दशकानुदशके राहते. त्याच १९७८ साली अमेरिकेच्या शिसेविषयक नियमांत, आकडा वाढलेल्या कामगाराला विषापासून दूर हलवावे, पण त्याचे वेतन व सेवाज्येष्ठता १८ महिन्यांपर्यंत कायम ठेवावी, अशी तरतूद झाली. तेथील कामगार संघटनांनी ती झगडून मिळविली. वेतनाची हमी नसेल तर कामगार स्वतःच आपले रक्त लपवील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

भोपाळनंतर १९८७ मध्ये आपल्या कारखाना कायद्यात कलम ४१-सी आले. घातक प्रक्रियेतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या कामगारांना पाहता याव्यात, असे त्यात म्हटले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा व्यवसाय सुरक्षिततेच्या नव्या संहितेत विलीन करण्यात आला आहे. संहितेखालील नियम राज्याराज्यांत ठरत असताना आपल्या युनियनांनी तीन गोष्टी धरून बसले पाहिजे : तपासणीच्या आकड्याची प्रत कामगाराच्या हाती, आकडा वाढल्यास वेतनासह बदली, आणि नमुन्याचा एक भाग मालकाशी संबंध नसलेल्या सरकारी प्रयोगशाळेत गोठवून जतन. तिसरी मागणी खर्चिक वाटेल. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडला, तोवर त्याभोवतीच्या वस्त्यांतील माणसे दूषित भूजल वर्षानुवर्षे पीत आली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांना नळाचे पाणी द्या असा आदेश द्यावा लागला. त्या पाण्यावर वाढलेल्या मुलांचे १९९० मधले रक्त आज कोणत्याही शीतकपाटात नाही.