कायद्याचे दार आणि दवाखान्याची वाट

वाचकहो, गर्भपात हा शब्द आपल्या घरांतून मोठ्याने उच्चारला जात नाही. माजघरात बायका आपसांत हळू आवाजात बोलतात आणि कुणी पुरुषमाणूस आत आला की विषय पालटतो. कुटुंबाच्या मासिकात त्यावर लिहावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. लिहावे असेच शेवटी वाटले. ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांची सोय न बोलताही होते. बेळगावला किंवा गोव्यात एखाद्या खासगी रुग्णालयात जाऊन ती मंडळी संध्याकाळपर्यंत परत येतात. न बोलण्याची किंमत भरते ती रोजंदारीवर जाणारी बाई. म्हणून या वेळचा आमचा प्रश्न सरकारच्या पैशाचा आहे. कायद्याने जी मोकळीक दिली, ती गरीब स्त्रीच्या हाती पडावी म्हणून सरकार काय खर्च करते, आणि तो खर्च कुठे पोहोचतो?

थोडे मागे जाऊ. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. पण वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जो ठपका ठेवला गेला, त्याने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. अडचणीत सापडलेल्या विधवेने तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. अशाच एका विधवेच्या यशवंत नावाच्या मुलाला त्या दांपत्याने दत्तक घेतले आणि पुढे तो डॉक्टर झाला. बालहत्या आणि गर्भपात या गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. तरीही या हकिकतींतून एक गोष्ट कळते. सरकारजवळ त्या काळी अशा स्त्रीसाठी तुरुंग होता. निवारा मात्र एका शिक्षकाने आणि त्याच्या पत्नीने उभा केला.

सरकारने स्वतः दार उघडले ते शंभराहून अधिक वर्षांनी. १९६४ साली केंद्र सरकारने शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाह हे महाराष्ट्राचे मंत्री होते. समितीचा अहवाल १९६६ च्या डिसेंबरात आला, त्यावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमाप्रमाणे आजही गर्भपात हा गुन्हाच आहे. १९७१ चा कायदा त्याला अपवाद करून देतो. तो अपवाद नोंदणीकृत आणि प्रशिक्षित डॉक्टरच्या हातून, सरकारी रुग्णालयात किंवा सरकारमान्य जागीच लागू होतो. म्हणजे कायद्याने पहिली जागा सरकारी दवाखान्याला दिली. त्या दवाखान्यात डॉक्टर नसेल, तर गरीब बाईपुरता कायदाही तेथे नाही.

अमेरिकेत या पैशावरून उघड भांडण आहे. १९७६ साली हेन्री हाइड नावाच्या सदस्याने तेथील संसदेत अर्थसंकल्पाला एक दुरुस्ती जोडली आणि गरिबांच्या आरोग्ययोजनेतील केंद्राचा पैसा, काही अपवाद सोडून, गर्भपातास वापरण्यावर बंदी आली. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. तेव्हापासून आपल्या तिजोरीतून खर्च करायचा की नाही हे एकेक राज्य ठरवते; इलिनॉय राज्याने २०१७ साली तसा कायदा करून खर्च स्वीकारला. पुढे २४ जून २०२२ रोजी त्या न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला. आपल्याकडे असा झगडा झाला नाही. खर्चाला मनाई करणारा कायदा येथे नाही. म्हणून सारे ठीक आहे अशी आपली समजूत होते. परंतु मनाई नसणे म्हणजे सोय असणे नव्हे. आपल्याकडे हा खर्च डॉक्टरच्या पगारात, त्याच्या प्रशिक्षणात आणि औषधांच्या पुरवठ्यात विखुरलेला असतो. एखादे पद रिकामे राहिले तर विधानसभेत मतदान होत नाही आणि वर्तमानपत्रात ओळही येत नाही.

आता आमच्या जोयडा तालुक्याकडे पाहावे. क्षेत्रफळाने हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका. २०११ च्या जनगणनेत वस्ती मात्र ५० हजारांच्या आसपास. काळी नदीच्या दोन्ही बाजूंना रान, त्यात व्याघ्रप्रकल्प, आणि रानात दूरदूर विखुरलेल्या कुणब्यांच्या वाड्या. जिल्ह्याचे गाव कारवार. तेथे जायचे तर अणशी घाट उतरावा लागतो. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना राज्याच्या साध्या बसचे तिकीट पडत नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु वाडीपासून बसथांब्यापर्यंतची वाट पायाखालचीच आहे, पावसाळ्यात ओहोळ भरतात, आणि दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच.

या अंतराचे पुढे आठवडे होतात. कायद्याचे सारे गणित तर आठवड्यांचे आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही अत्याचारित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट घेतलेल्या अशा नियमांत सांगितलेल्या स्त्रियांसाठीच. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर वाट आहे. गोळ्यांचा सोपा उपाय तर नऊ आठवड्यांपर्यंतचाच. शहरातली स्त्री सातव्या आठवड्यात जे उरकते, तेच करायला आमच्याकडची बाई चौदाव्या आठवड्यात पोहोचते. वाटेत धोका वाढतो आणि खर्चही. जिला हे जमत नाही ती दुकानातून गोळ्या आणते. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्यांनी झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकाने छापला आहे. गोळी स्वतः वाईट नव्हे. पण रक्तस्राव थांबला नाही तर कुठे जायचे, हे रानातल्या वाडीत कोण सांगणार?

शाळेत आम्हांस याची दुसरी बाजू दिसते. आई अंथरुणाला खिळली की मोठी मुलगी शाळेतून उठते. हजेरीपत्रकावर आधी चार दिवस, मग महिना कोरा जातो. कारणाच्या रकान्यात ‘घरकाम’ लिहिले जाते.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला. त्याच निकालात, अशी सोय आणि असे डॉक्टर प्रत्येक जिल्ह्यात असावेत आणि ते सर्वांच्या ऐपतीत असावेत, असेही म्हटले आहे. निकाल मोठा आहे, परंतु जिल्हा हे माप आम्हांस अपुरे वाटते. दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या जिल्ह्यात एका टोकाला सोय असली म्हणजे दुसऱ्या टोकाला ती पोहोचली, असे होत नाही. माप तालुक्याचे हवे.

ज्यांना गर्भपात हे पाप वाटते त्यांच्याशी आमचा वाद नाही. कायदा कुणावर सक्ती करीत नाही. मुलगी नको म्हणून लिंग तपासून केलेला गर्भपात ही वेगळी आणि दंडनीय गोष्ट आहे. तिच्या धाकाने खऱ्या गरजू बाईला परत पाठवणे मात्र न्याय्य नव्हे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. तिचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षेची तरतूद आहे. एवढे तरी आपल्या घरातील प्रत्येक मुलीला आणि सुनेला ठाऊक असावे.

आणखी एक काम आपल्यापैकी अनेकांना करता येईल. सरकारी रुग्णालयांना आरोग्य रक्षा समिती असते, गावाला ग्रामसभा असते. तेथे उभे राहून विचारावे : आपल्या तालुक्यात हे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आहे काय, कोणत्या वारी भेटतो, आणि गोळ्या शिल्लक आहेत काय? उत्तर लेखी मागावे. शिकल्यासवरल्या मराठी घरांतील माणसे हा प्रश्न विचारू लागली, तर ज्यांना तो विचारण्याचे धैर्य होत नाही त्यांचेही काम होईल.