चंद्र होऊन पाहा!

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादे विज्ञान-नाटुकले हमखास असते. पुठ्ठ्याचा सूर्य, चंदेरी कागदाचा चंद्र आणि घोकून घेतलेली वाक्ये. पालक कौतुकाने टाळ्या वाजवतात; पण त्यातून मुलांना विज्ञान कितीसे उमगते? पुस्तकातले पाठांतर वेशभूषा करून रंगमंचावर आले, एवढेच! नाटकाचे खरे सामर्थ्य वर्गातच, वेश आणि खर्चाविना, उपयोगी पडते.

'चंद्र स्वतःभोवती फिरतो का?' असे विचारून पाहा. आपल्याला त्याची एकच बाजू दिसते, म्हणून अनेकजण 'नाही' म्हणतील. आता एका मुलाला पृथ्वी करून मध्ये उभे करा आणि एका मुलीला चंद्र करा. तिने पृथ्वीकडे तोंड ठेवूनच प्रदक्षिणा घालायची. फेरी पुरी होईपर्यंत तिचे तोंड फळा, खिडकी, दार असे चारी दिशांना वळलेले असते. म्हणजे ती स्वतःभोवतीही एकदा फिरली! या दोन्ही फेऱ्यांना चंद्राला सारखाच वेळ, सुमारे २७.३ दिवस लागतो, हे मग घोकावे लागत नाही.

तिसऱ्या मुलाला सूर्य करा. आता दर फेरीत चंद्र पृथ्वीच्या सावलीत सापडतो. मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. वर्गाची फरशी मात्र सपाट! म्हणूनच खेळ संपल्यावर 'यात खोटे काय होते?' हे शिक्षकांनी विचारलेच पाहिजे. तो प्रश्न राहिला, तर खेळ चुकीची समजूत मागे ठेवून जाईल.

ही वाट अनोळखी नाही. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० पासून कलाजत्थ्यांतून गावोगाव विज्ञान नेले. १९८७ साली भारत जन विज्ञान जत्था देशभर फिरला. आणि आपल्या तमाशाच्या वगात राजालाही आडवे प्रश्न विचारणारा सोंगाड्या आहेच. आपल्या वर्गांतून हरवला आहे तो हा सोंगाड्या.

'अभ्यासक्रम पुरा करायचा की नाटके करायची?' असे शिक्षक विचारतील. त्यांची अडचण खरी आहे. पण या खेळाला दहा मिनिटे पुरतात, आणि न समजता पुरा झालेला अभ्यासक्रम परीक्षेनंतर उरतो किती? शाळेला सवड नसेल, तर आज रविवार आहे. जेवणाचे टेबल बाजूला सारा आणि घरातल्या धाकट्याला चंद्र होऊ द्या. पृथ्वी व्हायला आजोबा आहेतच!