औरादमध्ये ‘बाहेरचे’ कोण?

संपादक महोदय,

बाहेरून आलेल्या बिऱ्हाडांमुळे औराद मुलाबाळांच्या कुटुंबांना राहण्याजोगे उरले नाही, हे आपल्या अंकातले मत वस्तुस्थितीला सोडून आहे. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यात होता. मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्यांचा शेजार इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मुलांच्या शाळेसाठी खेडे सोडून तालुक्याला खोली करणारी कुटुंबे तर याच मातीतली; ती मुलाबाळांसाठीच येतात, मग त्यांच्यामुळे मुलांचे गाव बिघडते कसे? रहदारी वाढली, हे मान्य. पण मुलांची खेळायची जागा भाडेकरू अडवत नाहीत. रस्त्यापर्यंत ओढलेले ओटे आणि बोळात आडव्या लावलेल्या दुचाक्या अडवतात. मंजूर लेआउटमध्ये उद्यानासाठी जागा सोडावीच लागते. पट्टण पंचायतीने ती आधी मोकळी करून द्यावी.

आपला,
एक वाचक, औराद (जि. बीदर)