घामाचे भय आणि बाजाराची पारख

मागणीच्या लवचिकतेवरील तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने मला थांबवून विचारले, ‘सर, रोज डिओ मारला तर पुढे कर्करोग होतो म्हणतात, ते खरे का?’ हा प्रश्न अर्थशास्त्राचा नव्हे, असे त्या क्षणी मला वाटले. संध्याकाळी चारकोपला घरी पोचेपर्यंत माझे मत बदलले होते.

चारकोप ही १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने, लहान लहान भूखंड पाडून म्हाडाने वसविलेली नगरी. येथील बहुसंख्य माणसे सकाळी रिक्षा वा बस गाठून कांदिवली स्थानकावर जातात आणि तेथून लोकलच्या गर्दीत शिरतात. मुंबईच्या दमट हवेत त्या डब्यात तासभर उभे राहिल्यावर कोणाच्याही सदऱ्याची जी अवस्था होते, तिचे वर्णन करण्याची गरज नाही. मॉलमध्ये वा बँकेत गिऱ्हाइकासमोर उभे राहणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने घामाचा वास न येणे ही नोकरीची अलिखित अटच होय. तेव्हा या वस्तूला चैन म्हणून हिणवण्याचा आपल्या पिढीचा हक्क मला मान्य नाही.

येथे दोन निराळ्या वस्तूंची गल्लत होते. दुर्गंधनाशक घाम थांबवीत नाही. घामावर जगणाऱ्या जिवाणूंना ते आवर घालते आणि वर सुगंध शिंपडते. घामरोधकातील ॲल्युमिनियमचे क्षार मात्र घर्मग्रंथींच्या तोंडाशी तात्पुरते बूच बसवितात. कर्करोगाची भीती आहे ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी. घाम अडला की शरीरातील विष आतच साठते, हा त्या भीतीचा लोकप्रिय आधार. तो खोटा आहे, कारण विषारी द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, काख नव्हे.

संशोधनाचे म्हणणे काय? अमेरिकेतील सिॲटल येथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्तनांचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना करण्यात आली. घामरोधकाचा आणि रोगाचा संबंध आढळला नाही. उलट ऑस्ट्रियात २०१७ साली २०९ रुग्ण आणि तितक्याच निरोगी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तिशीच्या आतच दिवसातून अनेकदा घामरोधक वापरल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांत धोका अधिक दिसला. मात्र आजार झालेला माणूस आपला भूतकाळ अधिक कसोशीने आठवतो. आठवणींवर उभ्या असलेल्या आकडेवारीचा हा दोष आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवितो. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २०२० साली सर्व पुरावा तपासून फवाऱ्यात १०.६० टक्के व इतर रूपांत ६.२५ टक्क्यांपर्यंत ॲल्युमिनियम सुरक्षित ठरविले. त्वचेतून रक्तात जाणारा अंश अत्यल्प असतो, हे त्याचे कारण. अपवाद मूत्रपिंडाच्या रुग्णांचा. त्यांना ॲल्युमिनियम नीट बाहेर टाकता येत नाही. म्हणून अमेरिकेत घामरोधकाच्या वेष्टनावर त्यांच्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सूचना छापावी लागते. आपल्याकडे ती मराठीत आणि चष्म्याविना वाचता येईल अशा अक्षरांत हवी.

गंमत अशी की, या भीतीचीही आता बाजारपेठ झाली आहे. ‘ॲल्युमिनियमविरहित’, ‘नैसर्गिक’ अशा शब्दांसाठी ग्राहक जादा पैसे मोजतो. कोणी तुरटीचा खडा सुचवितो. आमचे वडील दाढीनंतर तोच खडा गालावर आणि उन्हाळ्यात काखेतही फिरवीत. पण तुरटी हा पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचाच क्षार आहे, हे सांगणारा दुकानदार मला अद्याप भेटलेला नाही.

माझी चिंता वेगळी आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक आणि ग्राहकाला नाहीत, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे त्यात दाखविले होते. सुगंधी फवाऱ्याचा बंद डबा हे त्याचे चोख उदाहरण. स्थानकाबाहेरच्या पदपथावर मी स्वतः निम्म्या किमतीत एक डबा घेतला; घरी पाहतो तो मुदतीच्या तारखेच्या जागी खरवडल्याच्या खुणा. जानेवारी २०२५ मध्ये नालासोपाऱ्यातील एका घरात सुगंधी द्रव्याच्या बाटल्यांवरील मुदत बदलण्याच्या खटपटीत स्फोट झाला आणि दोन मुलांसह चौघे जखमी झाले. या फवाऱ्यांत बहुधा मद्यार्क असतो आणि तो बाहेर ढकलण्यास ब्युटेन, प्रोपेन असे ज्वालाग्राही वायू वापरतात. चारकोपच्या लहानशा खोलीत, देवघरातील समईशेजारी उभे राहून फवारा मारणारा तरुण कर्करोगाला भितो, पण त्या ज्योतीला भीत नाही.

नामांकित कंपनीचा माल घेतला म्हणजे निर्धास्त व्हावे, असेही नाही. २०२१ साली अमेरिकेतील एका खासगी प्रयोगशाळेला अनेक फवाऱ्यांत बेंझीन सापडले. हे रसायन कर्करोगकारक असल्याबद्दल शंका नाही. घटकांच्या यादीत त्याचे नाव नव्हते आणि असणारही नव्हते. ती भेसळ होती. प्रॉक्टर अँड गॅम्बलला काही फवारे तेथील बाजारातून परत मागवावे लागले.

आपल्याकडील तपासणीची गती किती, हे मुलुंडच्या प्रकरणावरून दिसते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड येथील कारखान्यातील लहान मुलांच्या पावडरीचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने २०१८च्या अखेरीस पुणे व नाशिक येथे घेतले. ते प्रमाणात बसत नाहीत म्हणून परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. नव्याने केलेल्या चाचण्यांत नमुने प्रमाणात बसले आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विलंबाबद्दल ताशेरे ओढून कारवाई रद्दबातल ठरविली. मूळ निष्कर्ष बरोबर होता असे मानले, तर पावणेचार वर्षे आयांनी सदोष पावडर बाळांना लावली. चूक होता असे मानले, तर कारखान्याला नाहक भुर्दंड बसला. दोहोंपैकी काहीही खरे असो, इतक्या उशिरा आलेल्या उत्तराचा ग्राहकाला उपयोग शून्य.

सौंदर्यप्रसाधने कशी असावीत, याचे कायदे आपल्याकडे १९६०च्या दशकापासून आहेत. २०२० साली स्वतंत्र नियमही झाले. उणीव कागदाची नाही. प्रशासनाने कारखान्यांबरोबरच कांदिवली, बोरिवली, घाटकोपरच्या पदपथांवरून फवारे उचलावेत, त्यांत बेंझीन आहे का ते तपासावे आणि तीन महिन्यांच्या आत उत्पादन-गटाच्या क्रमांकासह निकाल मराठी वृत्तपत्रांत छापावेत. या खर्चाचा वाटा उत्पादकांकडून घेण्यास हरकत नसावी. जाहिरातींवर ते जो पैसा ओततात त्याच्या तुलनेत तो नगण्य ठरेल.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थिनीला मी सांगितले, डिओ खुशाल वापर. खाज वा पुरळ आले तर बंद कर, खिडकी उघडून मार, दिव्यापासून दूर राहा आणि तारीख पाहून घे. तिने शांतपणे विचारले, ‘पण सर, ती तारीख खरी आहे हे कसे ओळखायचे?’