पाण्याशी मैत्री कधी करणार?

मैत्रिणींनो, ट्रायथलॉन हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेलच. आधी पोहायचं, मग सायकल आणि शेवटी धावायचं, तेही मध्ये विश्रांती न घेता. २००० साली सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. तिथे १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असा हिशेब असतो. नवशिक्यांसाठी याच्या निम्मं अंतरही चालतं.

आता यातलं धावणं आपल्या मुलींना नवीन आहे का? पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुली आपण रोज बघतो. शाळेसाठी वाडीवरून सायकल मारत येणाऱ्या मुलीही बघतो. गाडी अडते ती पाण्यापाशी!

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं माकणीच घ्या. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण याच गावाजवळ. पाऊसकाळ चांगला झाला की नजर पोचेल तिथवर पाणी. पण या पाण्याच्या काठावर राहणाऱ्या किती जणींना पोहता येतं, असं विचारलं तर हात मोजकेच वर होतील. ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ ही म्हण आपण पिण्याच्या पाण्यासाठी वापरतो, ती इथेही लागू पडते.

मराठवाड्यात पोहणं शिकवायची पद्धत जुनी आहे. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर आणि दे विहिरीत ढकलून! आठ-दहा दिवसांत पोरगं तरंगायला लागतं. पण हे ‘पोरगं’ म्हणजे मुलगाच. त्याची बहीण काठावर उभी राहून भावाचे कपडे सांभाळते. पुढे हीच बहीण धुणं घेऊन तलावावर जाते, गुरांना पाणी दाखवायला नेते, शेततळ्यात मोटर बघायला उतरते. पाण्याचं काम तिच्या वाट्याला आणि पाण्याची विद्या मात्र भावाच्या, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, इथे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पोहण्याच्या गोष्टी करता. म्हणणं खोटं नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. पण त्याच आपल्या भागाने सप्टेंबर २०२५ मधला पूरही पाहिला. भूम-परंड्याकडे वेढलेल्या माणसांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. पाणी आपल्याकडे येतं ते असं, एक तर नाहीच, नाहीतर गळ्यापर्यंत. अशा मुलखात पोहता येणं ही चैन कशी म्हणायची?

शिवाय गेल्या काही वर्षांत शिवारात शेततळी वाढली. तळाशी आणि बाजूंना प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की साबणासारखा निसरडा. आत पडलेल्या माणसाला पाय रोवायला जागाच मिळत नाही. म्हणून प्रत्येक शेततळ्यात काठावरच्या पक्क्या खांबाला बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला हवाच. खर्च किती? बियाण्याच्या एका पिशवीएवढाही नाही.

आता पुन्हा खेळाकडे. हौदात पोहणं आणि उघड्या पाण्यात पोहणं यांत मोठा फरक आहे. हौदाला भिंत असते, तळाची फरशी दिसते, दमलं की कठडा धरता येतो. धरणात किंवा समुद्रात यातलं काहीच नाही. गढूळ पाण्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. त्यामुळे तयारी पायरीपायरीनेच करायची. आधी पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडायला शिकायचं. मग पाठीवर पडून निवांत तरंगायला शिकायचं, कारण मध्येच घाबरलं तर हाच खरा आधार. मग न थांबता अंतर वाढवायचं. सहा-आठ हात मारले की डोळे पाण्यावर काढून समोरचं झाड किंवा देऊळ हेरायचं, नाहीतर दिशा चुकते. डोक्यावर भडक रंगाची टोपी, कमरेला तरंगता फुगा, सोबत जाणकार माणूस आणि होडी. किनाऱ्याला धरूनच पोहायचं. एकटीने कधीच नाही. धरणात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही. तळाचा गाळ, झाडांची खोडं, मासेमारीची जाळी यांत पट्टीचे पोहणारेही अडकतात.

राहता राहिला कपड्यांचा प्रश्न. साडी, ओढणी, सैल सलवार पाण्यात पायाला गुंडाळते. अंगभर झाकणारे पोहण्याचे पोशाख आता मिळतात. ‘लोक काय म्हणतील’ याला उत्तर इतिहासात आहे. आरती साहा यांचा इंग्लिश खाडी पोहण्याचा पहिला प्रयत्न ऑगस्ट १९५९ मध्ये फसला. महिनाभरात त्या पुन्हा उतरल्या आणि २९ सप्टेंबरला खाडी पार करणाऱ्या आशियातल्या पहिल्या महिला ठरल्या. १९९४ साली आपल्या महाराष्ट्राच्या रूपाली रेपाळे हिने तीच खाडी वयाच्या बाराव्या वर्षी ओलांडली. दृष्टी नसलेल्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. लोक त्यांनाही काहीबाही म्हणालेच असतील की!

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा, पोहता येत असो वा नसो. धुणं धुताना एकीचा पाय घसरतो, तिला वाचवायला दुसरी उडी घेते, मग तिसरी. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बायांनो, उडी मारू नका. साडी साडेपाच मीटर लांब असते, तिचं टोक फेका. रिकामी घागर, झाकण लावलेला प्लास्टिकचा कॅन फेका. काठावर आडवं पडून काठी पुढे करा आणि ओरडून माणसं गोळा करा.

आपली मागणीही मोठी नाही. जिथे पोहण्याचा तलाव आहे, तिथे बायकांसाठी वेगळा तास आणि शिकवायला बाई असावी. जिथे तलाव नाही, तिथे पायऱ्यांची विहीर आणि पोहणारी जाणती माणसं तर आहेत. बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा, शाळेत मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. आणि घरातल्या दादांना, भाऊंना, आजोबांना एवढंच सांगा, की यंदा विहिरीवर नातवाला नेताना नातीलाही घेऊन जा. तिच्यातली एखादी उद्या ट्रायथलॉन खेळेल, न खेळेल. पण पाण्यातून घरी नक्की परत येईल.